फ्लेक ओढताना जीभ का भाजते?

डोंबिवलीच्या एका तरुण मित्राने विचारलंय: "काका, दोन वर्षं पाइपमध्ये व्हॅनिला आणि चेरीची पाउचमधली तंबाखू ओढतोय. मावसभावाने इंग्लंडहून सॅम्युएल गॅविथच्या फुल व्हर्जिनिया फ्लेकचा डबा आणला. तीनदा प्रयत्न केला. अर्धी काडेपेटी संपली, जीभ भाजली आणि चव म्हणाल तर ओल्या गवताची. माझं काही चुकतंय, की ही तंबाखूच माझ्यासाठी नाही? पुढे कोणता डबा घेऊ?"

डबा कुणाला देऊन टाकू नका, एवढं आधी सांगतो. तंबाखू ओली होती, झुरके भराभर होते आणि पाइपमध्ये आधीचा व्हॅनिला मुरून बसला होता. नव्या डब्याचं नंतर बघू, आधी अरोमॅटिकने, म्हणजे वरून वास दिलेल्या तंबाखूने, लावलेली सवय मोडावी लागेल. माझंही हेच झालं होतं. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो. १९९४ साली रॉटरडॅमला बोट लागली असताना पहिला पाइप घेतला आणि दुकानदाराने, नवशिक्याला देतात तसा, चेरीचा पाउच हातात ठेवला. फ्लेक, म्हणजे दाबून पट्ट्यांत कापलेली तंबाखू, नीट जमायला पुढे तीन वर्षं गेली, कारण बोटीवर ओढणारे बरेच होते, पण सांगणारा एकही नव्हता. आता निवृत्त होऊन मुलुंडला असतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा गॅलरीत बसून ओढतो.

तुमच्या त्या पाउचमध्ये काय असतं ते बघा. बहुतेक अरोमॅटिकचा पाया ब्लॅक कॅव्हेंडिश. बर्ली किंवा व्हर्जिनिया या जातींच्या तंबाखूचं पान वाफवून, दाबून काळं आणि मऊ करायचं. यात पानाची स्वतःची चव बरीचशी जाते आणि ते स्पंजासारखं होतं, पाजाल ते पितं. शेवटी वरून व्हॅनिला, चेरी, रम असा अर्क मारतात, त्याला टॉपिंग म्हणतात. कोरडं पडू नये म्हणून बऱ्याचदा प्रोपिलीन ग्लायकोलही घालतात. म्हणून पाउच आठवडाभर उघडा राहिला तरी आतला माल बोटाला दमटच लागतो.

आता गंमत अशी की अरोमॅटिकचा खरा आनंद खोलीतल्या बाकीच्यांना मिळतो. बायको म्हणते, आज वास छान येतोय. शेजारच्या काकू दारातून विचारतात, केक केलाय का? आणि ओढणाऱ्याच्या तोंडात गरम वाफ आणि मागे रेंगाळणारा थोडासा गोडवा. नाकाला जेवढं मिळालं तेवढं जिभेला मिळत नाही, म्हणून माणूस नकळत जोराने ओढायला लागतो. वास येतोय म्हणजे चवही असणार, अजून एक झुरका घेऊन बघू. दोन वर्षांत ही सवय इतकी अंगवळणी पडते की आपण ओढतोय की भाता चालवतोय हे कळत नाही. या भात्यासमोर तुम्ही व्हर्जिनिया फ्लेक ठेवलात. जीभ भाजणारच.

फ्लेक हे चवीचं नाव नाही, कापाचं आहे. मधली शीर काढलेली पानं थरावर थर रचायची, प्रेसमध्ये घालून दाबायची, बऱ्याच ठिकाणी वाफेची उष्णताही द्यायची आणि तशीच ठेवून द्यायची. पानं एकमेकांत बसतात, रस एकमेकांत मिसळतात, रंग गडद होतो. निघते ती लादी. लादीच्या वड्या पाडायच्या आणि वडीचे पातळ काप करायचे. डबा उघडल्यावर तुम्हाला ज्या चपट्या पट्ट्या दिसल्या त्या ह्याच. मला त्या नेहमी आंबापोळीसारख्या दिसतात. तशाच लवचिक, तशाच किंचित चिकट, आणि उजेडात धरून कडेने पाहिलं तर थर मोजता येतात, एक तपकिरी, एक जवळपास काळा, मध्येच एखादा पिवळसर. दिसायला आंबापोळीसारखाच पण गोल असाही एक प्रकार आहे. पानांचा दोर वळून तो आडवा कापतात आणि चकत्या पडतात. त्यांना कॉइन म्हणतात. अळूवडीचा उंडा कापताना जे वेटोळं दिसतं, अगदी तेच.

व्हर्जिनियाच्या पानात साखर असते, आणि ती नुसती तोंडात गोडी आणणारी नव्हे, वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत. हे पान बंद कोठीत गरम हवेने वाळवतात, धूर लागू देत नाहीत. वाळणं साधारण आठवड्यात उरकतं. पानातल्या स्टार्चची साखर झालेली असते आणि ती खर्च व्हायच्या आत पान मरतं, म्हणून साखर आत अडकून राहते. बर्ली मात्र सावलीत टांगून आठवडेच्या आठवडे हवेवर वाळवतात, तेवढ्या वेळात पान स्वतःची साखर खाऊन टाकतं. म्हणून बर्लीला वरून चव पाजावी लागते आणि व्हर्जिनियाला स्वतःची गोडी असते. आंध्र आणि कर्नाटकात पिकते ती व्हर्जिनिया मुख्यतः सिगारेटला जाते. आपल्या निपाणीची तंबाखू वेगळी, ती विडीची, उन्हात वाळवलेली.

तर ही साखर मंद आचेवर जळली की भाजलेल्या पावाची, खजुराची, काकवीची चव येते. आच वाढली की साखर करपते आणि त्यात तंबाखू ओली असेल तर गरम वाफ थेट जिभेच्या शेंड्यावर येते. जीभ भाजते ती तिथे. तुमची ओल्या गवताची चव म्हणजे पाणी उकळतंय आणि पान अजून नीट पेटलेलंच नाही, एवढाच अर्थ.

ओलीचं थोडं जास्त सांगतो, कारण मुंबईत सगळं इथेच अडतं. सॅम्युएल गॅविथ हे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या केंडल गावचं घराणं, १७९२ पासूनचं, तपकीर आणि तंबाखूचं. (हो, तपकीरच. आपल्या आजोबांच्या डबीतली वेगळी, पण धंदा तोच.) त्यांचे डबे ओलेच येतात, ही जगभरच्या ओढणाऱ्यांची जुनी तक्रारही आहे आणि कौतुकही. तिकडची पुस्तकी शिकवण अशी की पट्टी काढून अर्धा तास टेबलावर ठेवा, मग ओढा. आपल्याकडे जुलैत अर्धा तास टेबलावर ठेवली तर ती आणखी ओली होईल. मी पहिल्या पावसाळ्यात तासभर वाट बघत बसायचो आणि वाटायचं, आपल्याच डब्यात काही खोट आहे.

माझी पद्धत सांगतो. पट्टी आधी मळायची, मग वाळवायची, कारण अख्खी पट्टी वरून वाळते आणि आतून ओली राहते. मळलेला चुरा कागदाच्या ताटलीत पातळ पसरायचा. उन्हाळ्यात पंख्याखाली वीस मिनिटं. पावसाळ्यात एसीच्या खोलीत तासभर, आणि एसी नसेल तर जुन्या पिवळ्या बल्बच्या टेबललॅम्पखाली, वीतभर अंतरावर, दहा-पंधरा मिनिटं. एलईडीला ऊब नसते, त्याखाली काही होत नाही. झालं की नाही कसं ओळखायचं? चिमूटभर घेऊन दोन बोटांत दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली. चुरचुर वाजून भुगा झाला तर जास्त वाळली. हळूहळू फुलून मोकळी झाली, बोटाला ओल लागली नाही, तर भरा. तुम्हाला पहिल्यांदा वाटेल की ही फारच कोरडी झाली, कारण तुमचं बोट ग्लायकोलवाल्या दमटपणाला सरावलेलं आहे. त्या बोटावर विश्वास ठेवू नका. वाटेल त्यापेक्षा पाच मिनिटं जास्तच वाळू द्या.

मळणं आपल्याला शिकवावं लागू नये. तळहातावर तंबाखू मळणाऱ्यांच्या मुलखातले आपण. फक्त चुना नाही आणि जोरही नाही. दोन पट्ट्या घ्या, साधारण अडीच-तीन ग्रॅम भरतात. पट्टीच्या कडा अंगठ्याने सरकवा म्हणजे थर सुटतात. मग दोन्ही तळव्यांमध्ये गोल फिरवत धागे मोकळे करा. इंग्रजी पुस्तकांत दुसरी रीत सांगतात, पट्टी लांबीत दुमडायची, पिळायची आणि तशीच पाइपच्या वाटीत खुपसायची. व्हिडिओत फार छान दिसतं. तुम्ही बहुधा तेच केलंत, आणि म्हणून काडेपेटी अर्धी झाली. दुमडलेली पट्टी फुलायला जागा मागते, जरा घट्ट बसली की हवा बंद. ती रीत वाईट नाही. पट्टी हळू जळते, धूर थंड येतो, चव टप्प्याटप्प्याने उघडत जाते. पण ती महिन्या-दोन महिन्यांनंतरची. आता पूर्ण मळून ओढा, ते जमलं की अर्धवट मळा, मग दुमडा. तिसरीही एक रीत आहे, स्वयंपाकघरातल्या कात्रीने पट्टीचे बारीक चौकोनी तुकडे करायचे आणि वाटीत नुसते ओतायचे, दाबायचेच नाहीत. मला ही फार आवडते. बायकोला कात्रीचं कारण आवडत नाही, म्हणून वेगळी घेतली.

भरताना तळाशी सैल, वर किंचित घट्ट, आणि पेटवायच्या आधी नुसता ओढून बघायचा. स्ट्रॉने ताक पिताना लागतो तेवढाच अडथळा हवा. उसाचा रस गाळणीत अडकल्यासारखं वाटलं तर उपसा आणि पुन्हा भरा.

काडी पेटवली की गंधक जळून जाऊ द्या. ज्योत वाटीवर गोल फिरवत तीन-चार छोटे झुरके. तंबाखू फणा काढल्यासारखी वर येईल. तिला टॅम्परने, म्हणजे दाबायच्या छोट्या दट्ट्याने, हळूच खाली बसवा. हा पहिला जाळ फुकट गेला तरी चालतो, तो नुसता वरचा थर करपवण्यासाठी असतो. आता दुसऱ्यांदा पेटवा. माझा टॅम्पर म्हणजे बोटीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर घासलेला एक पितळी बोल्ट आहे. तुम्ही जाड खिळ्याचं डोकं वापरलंत तरी तंबाखूला फरक कळत नाही. फ्लेक विझतो. मध्ये तीन-चार वेळा पेटवावा लागला तर त्यात कमीपणा नाही. विझू नये म्हणून भराभर ओढणं, हे सगळ्यात महाग पडतं.

वेगाचं माप म्हणून एक युक्ती. पाइपची वाटी गालाला लावा. पाच सेकंद आरामात ठेवता आली तर ठीक. चटका बसला तर पाइप खाली ठेवा, विझू द्या, दहा मिनिटांनी पुन्हा पेटवा. झुरका बशीतला गरम चहा ओठांनी चाखतो तेवढाच, पोटभर नाही. धूर छातीत घ्यायचाच नाही. तोंडात फिरवायचा, आणि जमायला लागलं की थोडासा नाकावाटे सोडायचा. व्हर्जिनियाची निम्मी चव नाकामागे आहे. मी मुलुंडच्या गॅलरीत बसतो तिथून लोकल जाताना दिसतात. जलद गाडी गेली की एक झुरका, असा नेम ठेवून मी हळू ओढायला शिकलो. गर्दीच्या वेळी हा नेम चालत नाही, गाड्या फार होतात.

पट्टी ओढताना मध्यावर चव बदलते, हे अरोमॅटिकवाल्याला नवं असतं. सुरुवातीला आंबटगोड, लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, मधल्या भागात पाव आणि मनुका, शेवटी गडद आणि थोडं कडवट. शेवटचा कडवट भाग ओढून संपवलाच पाहिजे असं नाही. वाटीच्या तळाशी ओलसर काळा गाळ उरतो तो टाकून द्या. गुरगुर वाजायला लागली की पाइप क्लीनर दांडीतून सारा आणि चालू ठेवा. आणि गरम पाइपची नळी उपटू नका. १९९९ साली मी घाईत हे केलं. नळीचं टोक दांडीतच मोडून राहिलं, ब्रायरच्या लाकडाचा चांगला पाइप गेला. गार होऊ द्यायला अर्धा तास लागला असता.

पाइपबद्दल. व्हॅनिलाने भरलेल्या पाइपमध्ये फुल व्हर्जिनिया ओढणं म्हणजे गुलाबजामाच्या पाकाच्या पातेल्यात फोडणीचं वरण करणं. पातेलं घासलं तरी चार दिवस आठवण राहते. फ्लेकसाठी वेगळा पाइप ठेवा. महागडा ब्रायर लागत नाही, मक्याच्या कणसाचा घ्या. मिसूरी मीरशॉम ही कंपनी अमेरिकेत १८६९ पासून हेच करते आहे, कणसाचा पाइप जुना वास धरत नाही म्हणता येईल इतका कमी धरतो, आणि मोडला तर जीव जळत नाही. वाटी रुंद नको, अरुंद आणि जराशी खोल बरी, आग एका जागी राहते. जुनाच ब्रायर वापरायचा असेल तर कापसाचे बोळे रममध्ये किंवा व्होडकात भिजवून रात्रभर वाटीत ठेवा, दोन-तीन रात्री करा, मग आठवडाभर सुकू द्या. पाण्याखाली धरू नका.

निकोटीन हा विषय अरोमॅटिकवाल्यांना माहीतच नसतो. व्हॅनिलाच्या पाउचमध्ये ते बेताचं असतं. फ्लेकमध्ये, विशेषतः बर्ली किंवा डार्क फायर्ड (धुरावर वाळवलेलं पान) असेल तर, भरपूर. शिवाय पाइपचा धूर सिगारेटपेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे न गिळताही निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. एका आषाढी एकादशीला मी दुपारी, पोटात फक्त दोन चमचे साबुदाण्याची खिचडी असताना, एक काळाकभिन्न डार्क फायर्ड फ्लेक पेटवला. पाव वाटी झाली आणि कपाळाला थंड घाम. मग गॅलरीचं कठडं हललं. बायकोने साखरपाणी दिलं आणि वर म्हणाली, पांडुरंगाने आज तुम्हाला तिथूनच दर्शन दिलं. भरल्या पोटी ओढा. भोवळ आली तर पाइप ठेवा, काहीतरी गोड तोंडात टाका, आडवे व्हा.

आणि एवढं बोलतोय तर हेही. धूर छातीत जात नाही म्हणून पाइप निरुपद्रवी, असं समजणाऱ्यांनी परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर एक सकाळ उभं राहावं. ओठ, जीभ, घसा यांना होणारा धोका खरा आहे. मी दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला तोंड दाखवतो आणि पांढरा डाग दिसतो का ते बघायला सांगतो. तुम्ही ओढत नसतात तर मी सुरू करा म्हणालो नसतो. ओढताच आहात, तर रोज चार वाट्या अरोमॅटिकऐवजी आठवड्यातून फ्लेकच्या दोन वाट्या बऱ्या, आणि फ्लेक मुळातच घाईने ओढता येत नाही.

आता डब्यांकडे. अरोमॅटिकवरून थेट फुल व्हर्जिनियावर उडी मारणं म्हणजे सुगम संगीतावरून एकदम ख्यालाच्या विलंबितात जाऊन बसणं. जमतं काहींना. पण मध्ये पायऱ्या आहेत. मॅक बॅरनचा नेव्ही फ्लेक, डेन्मार्कचा, व्हर्जिनिया आणि बर्ली एकत्र, माझ्या जिभेला त्यात मधाची छटा लागते. व्हॅनिलाची सवय असलेल्याला एकदम परकं वाटत नाही. पण मॅक बॅरन घाईने ओढला तर चावतो, हे लक्षात ठेवा. एरिनमोर फ्लेक मिळाला तर जरूर बघा. तो नावाने फ्लेक आणि वासाने फळांचा, अननसासारखा काहीसा, म्हणजे तुमच्या दोन्ही जगांच्या मधला. ऑर्लिक गोल्डन स्लाइस्ड त्याहून हलका, लिंबूसंत्र्याच्या बाजूचा, पट्ट्या इतक्या नीट की पत्त्यांचा कॅट वाटावा. मला विचाराल तर तुम्ही इथून सुरुवात करायला हवी होती.

मग कॅपस्टन. हे नाव मुंबईत कुणाला नवं नाही. ब्रिस्टॉलच्या विल्सचं, आपल्याकडे सिगारेटवर पोचलेलं. पाइपसाठी त्याचा फ्लेक दोन डब्यांत येतो, निळा जरा भरदार आणि सोनेरी हलका. त्यावरचे ‘नेव्ही कट’ हे शब्द जुन्या खलाशांचे. पान गुंडाळून, रम शिंपडून, दोराने आवळून ठेवायचं आणि मुरलं की आडवं कापायचं, अशी त्यांची रीत सांगतात. मी बोटीवर नोकरी केली, पण आमच्या वेळी दोर होता तो नायलॉनचा.

कॅपस्टन पचला की तुमचा फुल व्हर्जिनिया पुन्हा काढा. तोच डबा, तीच पट्टी, आणि तुम्हाला वाटेल की कुणीतरी बदलून ठेवला. त्यानंतर पेरिक. अमेरिकेतल्या लुइझियानात सेंट जेम्स पॅरिश नावाच्या भागात हे पान व्हिस्कीच्या पिंपात दाबून, स्वतःच्याच रसात आंबवतात, मधूनमधून काढून हवा देतात आणि पुन्हा दाबतात, साधारण वर्षभर. म्हणजे लोणचंच. चव मिरी आणि मनुका यांच्या मधली, नाकातून सोडलात तर शिंक येईल. हे एकटं कुणी ओढत नाही, व्हर्जिनियात थोडंसं घालतात. एस्कुडो हा त्यातला नामांकित, मघाशी म्हटलं त्या अळूवडीच्या चकत्यांचा. डार्क फायर्ड त्याच्याही नंतर, आणि माझी एकादशी आठवून. हे पान लाकडाच्या धुराने वाळवतात, वास चुलीपाशी बसल्यासारखा.

एका गोष्टीपासून सावध करतो. केंडलच्याच गॅविथ हॉगर्थकडे एनरडेल नावाचा फ्लेक आहे. त्या भागाला लेकलँड म्हणतात आणि तिथल्या काही तंबाखूंना फुलांचा अत्तरी वास देतात. काहींना वेड लागतं त्याचं. मला पहिल्या झुरक्याला दिवाळीच्या पहाटे मोती साबणाने अंघोळ घातल्यासारखं वाटलं. त्या पाइपमधून तो वास दोन वर्षं गेला नाही.

मिळण्याचं म्हणाल तर मुंबईत फोर्ट-कुलाब्याच्या तंबाखूच्या दुकानांत अरोमॅटिकचे पाउच सहज मिळतात, फ्लेकचा डबा नशिबावर. परदेशातून येणाऱ्या माणसाला सांगणं हाच खरा मार्ग, आणि त्याला अडचणीत टाकू नका. विमानतळावर करमुक्त तंबाखूची मर्यादा १२५ ग्रॅम आहे. डबा पन्नास ग्रॅमचा असतो, म्हणजे दोन डबे आणि त्याचा स्वतःचा चॉकलेटांचा खाऊ. पन्नास ग्रॅममध्ये सोळा-सतरा वाट्या होतात. आठवड्याला दोन ओढल्यात तर एक डबा दोन महिने पुरतो. डोंबिवली स्टेशनवर किंवा फलाटावर पेटवू नका. सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे आणि पाइप दिसतोही लांबून.

आणि शेवटी तुमच्या त्या उघड्या डब्याचं. अरोमॅटिक साठवून सुधारत नाही, अर्क उडतो आणि उरतं ते दमट कागदासारखं. व्हर्जिनिया फ्लेक मात्र लोणच्यासारखा मुरतो. एकमेकांत दाबलेली पानं हळूहळू आणखी आंबतात, तिखटपणा बसतो, रंग काळवंडतो. फक्त हवाबंद हवं. चिनी मातीची बरणी नको, तिचं झाकण हवा सोडतं. रबरी रिंग असलेली काचेची घ्या, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, पट्ट्या दाबून न भरता नुसत्या रचा. कपाटात, अंधारात, फ्रिजमध्ये नाही. काही महिन्यांनी पट्टीवर बारीक चमकदार कण दिसले तर घाबरू नका, ते नुसते स्फटिक असतात. पण पांढरी-हिरवी केसाळ लव दिसली आणि कुबट वास आला तर बुरशी, सगळं फेकून द्या. मुंबईच्या पावसात अर्धवट ओला डबा झाकण लावून ठेवला की हेच होतं. तुमच्या डब्याचं झाकण एकदा उघडलं की पुन्हा हवाबंद होत नाही, त्यामुळे आज रात्रीच निम्म्या पट्ट्या बरणीत घाला, झाकणावर तारीख चिकटवा आणि उरलेल्यांवर मळण्याचा सराव करा. बरणी पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला उघडा, वाळवायची वीस मिनिटं धरून. त्या दिवशी पाहुणे आले तर त्यांच्यासाठी व्हॅनिलाचा पाउच ठेवलेलाच आहे तुमच्याकडे.